वऱ्हाडच्या अंगणात लोणारी कोळसा

विदर्भात नुसतं ‘कोळसा’ म्हटलं की डोळ्यांपुढे वणी-चंद्रपूरच्या खाणी येतात. तो दगडी कोळसा. त्याच्या धुरात गंधक असतो, त्यावर खायचं काही भाजू नये. अलीकडे अमरावती-अकोल्याच्या नव्या वसाहतींत, गच्चीवर नाहीतर मागच्या अंगणात, लोखंडी जाळीखाली जो पेटतो तो वेगळा. तो लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा. चुना आणि कोळसा भाजणाऱ्या लोणारी समाजाचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. कालपरवापर्यंत त्याचे गिऱ्हाईक ठरलेले होते: इस्त्रीवाला, सोनार, आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याला कणसं भाजणारा गाडीवाला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्याच्या गॅसवर मोटारीसुद्धा धावल्या. आता तो चकचकीत पिशवीत ‘बार्बेक्यू’च्या नावाने येतो.

घ्यायचा तर पोत्यातला सुटा घ्यावा आणि वाजवून घ्यावा. “वाजला तं पक्का, नाई वाजला तं कच्चा, भाऊ,” असं सांगत दुकानदार दोन तुकडे एकमेकांवर आपटतो. पक्क्या कोळशाचा आवाज खापरीसारखा खणखणीत येतो. तुकडा मोडला तर आत काळी चकाकी दिसते, आणि नीट पाहिलं तर झाडाची वर्तुळंही मोजता येतात. लाकूड जाऊन त्याचा नुसता सांगाडा उरलेला असतो. जो तुकडा आतून तपकिरी निघतो तो अर्धकच्चा, तो पेटल्यावर धूर ओकणार. बाभूळ किंवा धावड्याचा कोळसा जड आणि टिकाऊ. हलक्या लाकडाचा भसाभस जळून जातो.

पारंपरिक भट्टी म्हणजे लाकडांची रचलेली रास, वर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा लेप. हवा मोजून आत सोडायची. आधी पांढरा दाट धूर निघतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग पिवळसर, कडवट धूर येतो. शेवटी पातळ निळसर झाला की भोकं बुजवायची आणि भट्टी निवू द्यायची. मातीला तडा गेला आणि हवा आत शिरली की सगळा माल राख, म्हणून रात्रभर जागता पहारा. एवढं करून चार-पाच किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा हाती येतो. रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन, लेकराबाळांसकट, अशा भट्ट्यांवर महिनोन् महिने राबत आली आहेत. पिशवीवरच्या रंगीत चित्रात ती कुठेच नसतात.

कायद्यानेही या मालावर नजर ठेवली आहे. 1927च्या भारतीय वन कायद्यात कोळसा हा वनोपजच आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. पाठीशी मेळघाट असलेल्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवलेलं बरं. धुऱ्यावरची बाभूळ आपली असली तरी तिचा कोळसा करून गाडीत भरणं ही नुसती घरची बाब राहत नाही.

अमेरिकेत अंगणातल्या शेगडीवर बराच काळ राज्य केलं ते दाबून केलेल्या वड्यांनी. 1920च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा कोळसा करून वड्या पाडल्या. त्यातूनच पुढे किंग्जफोर्ड हे नाव घरोघरी गेलं. वड्या एकसारख्या, म्हणून जळतातही एकसारख्या. लोणारी कोळसा मात्र मनमौजी. एक तुकडा मुठीएवढा, दुसरा बोटाएवढा, तिसरा जाळीतून खाली. मध्येच तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून पेटवताना नायलॉनची साडी किंवा ओढणी लांब ठेवावी. पण तो लवकर पेटतो, कडक तापतो आणि राख अगदी कमी सोडतो.

पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास मटणाला लागतो. तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोकं पाडायची, खाली गोवरीचा तुकडा आणि चार पऱ्हाट्या, वर कोळसा. डबा धुराड्यासारखा हवा ओढतो. कडा पांढुरक्या झाल्या की शेगडीत ओतायचा, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ, म्हणजे जळायला लागलेला तुकडा सरकवायला जागा राहते. सळईवरचं मटण आणि मक्याचं कणीस यावर झकास होतं. धुराची चव कोळशाची असते असा समज आहे, पण चांगल्या कोळशातला धूर भट्टीतच निघून गेलेला असतो. चव येते ती निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीची. म्हणूनच कोळशावरचं भरीत मला मिळमिळीत वाटलं. वांगं शिजलं, साल सुटली, पण पऱ्हाटीच्या जाळात ते जसं धुरकटतं तसं काही झालं नाही. वांग्यात टपकायला चरबी कुठली?

खरी परीक्षा रोडग्यांची. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत, डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर, मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे खायला माणसं लांबून येतात. कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून वळलेला तो गोळा गोवऱ्यांच्या आरात भाजतात. कोळशाच्या जाळीवर ठेवला तर वरून करपतो आणि आतून पीठ राहतो. कोळशात उष्णता लाकडाच्या जवळजवळ दुप्पट, ती एकदम अंगावर येते. गोवरी त्या मानाने मंद, शिवाय तिची राख मुबलक. ती राखच रोडग्याभोवती पांघरुणासारखी बसते, आच अडवते, धरून ठेवते आणि हळूहळू आत सोडते. बार्बेक्यूवाले कमी राखेला मालाचा गुण मानतात. आमच्याकडे राख हीच भट्टी. हुरड्याच्या आगटीचंही तेच गणित, कणसं खुपसायला मऊ ऊब लागते. तेव्हा मटणाला कोळसा आणि रोडग्याला गोवरी, अशी वाटणी मी करून टाकली आहे. दोन्ही एकाच शेगडीत घालायचा शहाणपणा करू नये.

दिवाळी ते संक्रांत हा याचा हंगाम. अकोल्याच्या मे महिन्यात शेगडीपुढे उभं राहायला कोणी धजत नाही. थंडीत एक मोह मात्र आवरावा: जेवणं झाल्यावर निखाऱ्यांची शेगडी उबेला खोलीत नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस उठत नाही. उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावावं. हवा तुटली की ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी पापड भाजायला पुन्हा चालतात.