लहान ट्रॅक्टर, मोठें ओझें

आमच्या छत्रपती संभाजीनगरास उघड्यावरील उत्सवांचा तोटा कधींच पडला नाहीं. नवरात्रांत कर्णपुऱ्याची यात्रा भरते, तेव्हां देवीच्या दर्शनाइतकीच ओढ मुलांना आकाशपाळण्याची असते. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वीं वेरुळास कैलास लेण्यापुढें होई. पुढें तो शहरांत सोनेरी महालाच्या प्रांगणांत आला, आणि कांहीं वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारींत तेथेंच पुन्हां भरला. गणेशोत्सव, शाळांचीं संमेलनें, कीर्तनाचे सप्ताह आणि लग्नकार्यें यांची तर गणतीच नको. श्रोता गाणें ऐकून तृप्त मनानें घरीं जातो. परंतु गवयाच्या आसनाखालचें व्यासपीठ, दिव्यांचे लोखंडी मनोरे, ध्वनिक्षेपकांच्या पेट्या आणि विजेचें जनित्र हीं सर्व आदल्या दिवशीं त्या मैदानाच्या मध्यावर कोणीं आणि कशीं नेलीं, हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. तो यावा, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

मालमोटार मैदानाच्या दरवाजापर्यंत येते. तेथून पुढचीं दोनशें पावलें हाच खरा अवघड प्रवास असतो. अवजड मोटार मऊ जमिनींत रुतते, हिरवळ खरवडते, जुन्या कमानींतून तिचा निभाव लागत नाहीं, आणि वळावयास ती ऐसपैस जागा मागते. म्हणून हें अंतर पूर्वीं हमालांच्या पाठीवर किंवा बैलांच्या खांद्यावर तोडलें जाई. खालीं लांकडी ओंडके घालावयाचे, मागून पहारी लावावयाच्या, आणि ‘हो, हो’ म्हणत जड पेटी वीतवीत सरकवावयाची. या कामांत कोणाचीं बोटें चेंगरलीं, कोणाची कंबर कायमची गेली, याची नोंद कोणत्याही मंडळाच्या अहवालांत नसे.

आतां त्या जागीं लहान ट्रॅक्टर येऊं लागला आहे. हा मूळचा शेतमळ्यांतला गडी. कपाशीच्या दोन ओळींमधून किंवा मोसंबीच्या झाडांखालून मोठा ट्रॅक्टर जात नाहीं, म्हणून १५ ते २५ अश्वशक्तीचे हे ठेंगणे ट्रॅक्टर निघाले. महिंद्र कंपनीच्या ‘युवराज’ जातीच्या ट्रॅक्टरास १५ अश्वशक्तीचें एकच सिलिंडर असलेलें इंजिन आहे, आणि त्याचें वजन ८०० किलोंच्या आसपास भरतें. अंग अरुंद, वळण लहान, आणि माणसाच्या चालीनें, किंबहुना त्याहूनही सावकाश चालण्याची तयारी, हे गुण पेरणी-कोळपणीसाठीं योजलेले. परंतु मांडव घालणाऱ्यांना ते नेमके हवेसे वाटले यांत नवल नाहीं. चार-सहा माणसांनीं अर्धा दिवस ढकलावें असें ओझें तो अर्ध्या घटकेंत जागेवर नेऊन ठेवितो.

लहान म्हणून त्यास दुबळा समजूं नये. ४ जानेवारी १९५८ रोजीं सर एडमंड हिलरी हे दक्षिण ध्रुवावर पोहोंचले, ते फर्ग्युसन बनावटीच्या लहानशा शेतकी ट्रॅक्टरांवर बसूनच. चाकांवर पट्टे चढविलेले ते ट्रॅक्टर सामानाच्या घसरगाड्या ओढीत बर्फावरून शेंकडों मैल गेले. तेव्हां ओढण्याच्या शक्तीविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती निराळीच, आणि ती अशी, कीं जें हा ट्रॅक्टर ओढूं शकतो, तें त्याला थांबवितां येतें काय?

शाळेंतल्या त्रैराशिकाच्या बळावर हा हिशेब कोणासही करितां येईल. जनित्र आणि त्याची चाकांची गाडी मिळून २,००० किलो धरा. पक्क्या, सपाट रस्त्यावर ती गाडी चालती ठेवण्यास ५० किलोंच्या आसपास ओढ पुरते. ट्रॅक्टर ती लीलेनें ओढतो, आणि येथेंच पाहणाराची फसगत होते. आतां तीच गाडी दहांत एक अशा उतारावर, म्हणजे दहा हात गेल्यावर एक हात खालीं अशा जागीं आणा. आतां तिचें स्वतःचेंच वजन तिला सुमारें २०० किलोंच्या जोरानें पुढें लोटूं लागतें. ट्रॅक्टराच्या वजनाचे आणखी ८० किलो त्यांत मिळवा. या २८० पैकीं पन्नास-साठ चाकांच्या अडथळ्यांत जिरतील. उरलेले २२० ब्रेकांनीं आवरावयाचे. परंतु अशा ट्रॅक्टराचे ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि त्या चाकांवर भार पडतो तो सुमारें ५०० किलोंचा. ओल्या मुरुमावर टायराची पकड भाराच्या तीन-दशांश धरली, तर हाताशीं येतात १५० किलो. हिशेब जुळत नाहीं. चाकें फिरावयाचीं थांबतील, पण ट्रॅक्टर घसरतच राहील, आणि मागची गाडी त्याला आडवें पाडून पुढें जाऊं पाहील. मिरवणुकींत अशा गाडीपुढें लेझीम खेळणारीं मुलें असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा हिशेब केवळ अंकगणिताचा राहत नाहीं.

येथें भाषेची साक्ष काढावीशी वाटते. ‘यंत्र’ हा शब्द संस्कृतांतील ‘यम्’ धातूच्या कुळांतला. आणि त्या धातूचा अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें असा आहे. त्याच धातूपासून ‘यन्ता’ म्हणजे सारथि हा शब्द झाला. रथ पळविणें हें घोड्यांचें काम. सारथ्यास नांव मिळालें तें आवरण्यावरून. यंत्र म्हणजे वेग, अशी जी समजूत आज रूढ आहे, तिच्याहून ही जुनी दृष्टि अधिक शहाणपणाची होती असें आम्हांस वाटतें.

ती दृष्टि केवळ कोशांतच उरली आहे असेंही नाहीं. कार्तिकी एकादशीस जळगांवीं श्रीरामाचा रथ निघतो. दोर ओढावयास शेंकडों हात पुढें होतात. परंतु चाकाशीं वांकून ‘मोगरी’ लावण्याचें काम मोजक्या, सरावलेल्या माणसांकडेच असतें. मोगरी म्हणजे लांकडी ठोकळा. तो नेमक्या क्षणीं चाकाखालीं सारून एवढा मोठा रथ वळवितात आणि थांबवितात. ओढणाराची चूक झाली तर रथ जागींच राहील. मोगरीवाल्याची झाली तर अनर्थ होईल. म्हणूनच त्या कामाला तेथें मान आहे. आमच्या मंडळांनीं यंत्र नवें घेतलें, तें चांगलेंच केलें. पण मोगरीवाल्याला घरीं बसविलें, हें बरें केलें नाहीं.

वस्तुतः उपाय कठीण किंवा फार खर्चाचे नाहींत. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून ब्रेक असलेलीच गाडी ठेकेदाराकडे मागावी, आणि ती न मिळाल्यास ओझें दोन-तीन खेपांत वांटावें. गाडीच्या दोन्ही बाजूंस एकेक माणूस लांकडी पाचर घेऊन, चाकाच्या वाटेंत न येतां, चालावा. शेतांत जागच्या जागीं वळतां यावें म्हणून ट्रॅक्टराच्या डाव्या आणि उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. ओझें ओढतांना ते दोन्ही पट्टीनें एकत्र जोडून घ्यावे, नाहींतर एकाच चाकाचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गरकन् फिरतो. उतार लागण्यापूर्वींच खालचा गियर घालावा. डिझेल वांचविण्यासाठीं गियर सोडून घरंगळत येण्याची जी संवय आहे, ती घातक होय. ओढावयाचा दांडा किंवा सांखळी मागच्या आंसाच्या पातळीहून वर कदापि बांधूं नये. तशी बांधल्यास जोर करतांना पुढचीं चाकें उचललीं जाऊन ट्रॅक्टर चालकाच्याच अंगावर उलटूं शकतो.

मराठवाड्यांत आणखी एका गोष्टीचें भान ठेवावें लागतें, तें म्हणजे काळ्या मातीचें. उन्हाळ्यांत ती भेगाळून दगडासारखी होते, आणि अवकाळीची एक सर आली कीं साबणासारखी निसरडी. सकाळीं ज्या वाटेनें जनित्र सुखरूप नेलें, ती वाट सायंकाळीं तीच राहिलेली नसते. अशा वेळीं जाड फळ्या अंथराव्या, किंवा सरळ एक दिवस थांबावें. गाणें उद्यां होऊं शकतें.

शेवटीं घरच्या मंडळींस एक विनंति. एकत्र कुटुंबांत पांच-दहा मुलें असावयाचीं, आणि ट्रॅक्टर पाहिला कीं त्याच्या चाकावरच्या पत्र्यावर बसण्याचा हट्ट व्हावयाचाच. चालकही कौतुकानें एखाद्यास वर घेतो. ती जागा बसण्यासाठीं केलेली नाहीं. धक्का बसला तर मूल थेट मागच्या चाकापुढें पडतें. कांहीं ठिकाणीं ट्रॅक्टराच्या मागच्या फिरत्या दांड्यावर जनित्र चालवितात. त्या दांड्यावर झांकण नसेल, तर धोतराचा सोगा, पदर किंवा ओढणी पाहतां पाहतां गुंडाळली जाते, आणि माणसास हांक मारण्याइतकीही सवड मिळत नाहीं. म्हणून यंत्राभोंवतीं दोरी बांधून मुलांस त्याबाहेर ठेवावें, आणि हें काम घरांतील वडील मंडळींनीं दुसऱ्यावर न ढकलतां स्वतः करावें.

उत्सवाची वर्गणी मागावयास कार्यकर्ते येतात, तेव्हां रोषणाईला किती आणि गवयाला किती हें आपण विचारतोंच. यापुढें त्यांना हेंही विचारावें, कीं ओझें ओढण्यास काय आणणार, आणि तें थांबविण्यास कोण उभा राहणार. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याजवळ तयार असेल. दुसऱ्याचें नसेल, तर तें मिळेपर्यंत वर्गणीचा हात थोडा आंखडता घ्यावा. त्यांत उत्सवाचा अवमान नाहीं.