इंजिन ऐन वेगांत कां थांबतें?

आमच्या चिरंजिवांचा सारा दिवस चाकणच्या कारखान्यांत इंजिनांच्या संगतींत जातो. तरी चिंचवडच्या घरीं नातवाचें छोटें विमान मुकेंच! इंजिन मंद गतींत छान चाले. पुरा वेग देतांच किंचाळे व बंद पडे. विमान माळ्यावर टाकावयाचें ठरलें होतें.

नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असें जाणणें, यास नैयायिक 'शेषवत्' अनुमान म्हणतात. तेंच आम्ही नातवास करावयास लावलें. मेथॅनॉल व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या या इंजिनास पुऱ्या वेगांत इंधन अधिक लागतें. तें अपुरें पडल्यास आवाज चढतो, धूर विरळ होतो, इंजिन तापून थांबतें. इंधन फाजील झाल्यास उलट दाट धूर निघून गति मंदावते. येथें पहिलाच प्रकार होता.

पंख्याच्या मागें उभें राहून इंधनाची सुई अर्धा फेरा सैल केली, गुण नाहीं. मग इंजिन बंद करून टाकीपासून सुईपर्यंतची नळी काढली. एक टोंक दाबून, ती पाण्यांत बुडवून फुंकतांच बुडबुडे आले! त्या सूक्ष्म छिद्रांतून इंधनाबरोबर हवा ओढली जात होती. नवी नळी बसवितांच इंजिन गर्जूं लागलें.

वाचकहो, वस्तु टाकण्यापूर्वीं कारण शोधावें. मुलांचा हुरूप नव्या इंजिनानें विकत मिळत नाहीं.