रक्तात नैराश्याची चाहूल

भारतातील ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे २२ बाळंतिणींना नैराश्य!

ते आधी ओळखता येईल? २०१३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मनोविकाराचा पूर्वेतिहास असलेल्या ५२ गर्भवतींचे रक्त तपासले. टीटीसी९बी आणि एचपी१बीपी३ या जनुकांवर चिकटलेल्या मिथाइल या रासायनिक गटांवरून केलेला अंदाज सुमारे ८५ टक्के बरोबर ठरला. नमुना फारच लहान, त्यामुळे घाई नकोच.

फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संशोधन संस्थेचा ‘गर्भिणी’ प्रकल्प गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलात २०१५पासून गर्भवतींचे रक्तनमुने जपतो आहे, पण मुदतपूर्व प्रसूतीच्या शोधासाठी. मनाचाही शोध त्यातून घ्यायलाच हवा. तोवर नैराश्य ओळखणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे दहा प्रश्न बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीही विचारता येतात.