सरासरी विद्यार्थी कोठे असतो?

मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, एक शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षे वयाच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी लुगडी नेसून वर्गात आल्या आणि पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने व मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेच्या साह्याने निघालेल्या या आजीबाईंच्या शाळेचे पुढे देशोदेशी कौतुक झाले. परंतु कौतुकाच्या भरात त्या शाळेचा खरा धडा बाजूलाच राहिला.

हा धडा साधा आहे. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार ठेवण्यात आली, कारण घरची व शेतातली कामे त्या सुमारास आटोपतात. पोथी स्वतःला वाचता यावी ही स्त्रियांची इच्छा होती. तिच्यापासूनच शिक्षणाला आरंभ झाला. त्या वयात नजर मंदावते, ऐकू कमी येते, बोटे थरथरतात. तेव्हा शिकविण्याची गतीही त्याच मानाने ठेवावी लागते. थोडक्यात, तेथे शाळेने विद्यार्थ्यांना अट घातली नाही. विद्यार्थ्यांची अट शाळेने मानली. आजीसाठी जे सहज सुचले, ते नातवंडांसाठी का सुचू नये, हा प्रश्न यातून उभा राहतो.

आपली शालेय व्यवस्था एका काल्पनिक विद्यार्थ्यासाठी रचलेली आहे. त्याला फळ्यावरचे शेवटच्या रांगेतून दिसते, गुरुजींचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, पुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्या घरातही बोलली जाते आणि जूनपासून एप्रिलपर्यंत तो रोज हजर असतो. अर्थशास्त्रात ज्याला सरासरी म्हणतात, तशीच ही आकृती होय. सरासरी हिशेबाला उपयोगी असते. पण ती कोणत्याही बाकावर बसलेली नसते.

शहापूर-मुरबाडच्या वर्गात प्रत्यक्ष कोण बसलेले असते? घरी कातकरी किंवा ठाकरी बोली बोलणारे मूल असते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे मूल असते; बापाने घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याच्या शाळेचे वर्ष थांबलेले असते. एका कानाने कमी ऐकणारे, चष्म्यावाचून फळा न दिसणारे, अक्षरे उलटसुलट वाचणारे, पायाने अधू असलेले मूलही असते. पुष्कळदा यांतील दोन-तीन अडचणी एकाच मुलाच्या वाट्याला येतात. कमी ऐकू येते म्हणून ते उत्तर देत नाही आणि उत्तर देत नाही म्हणून 'मठ्ठ' ठरते. एकदा असा शिक्का बसला की पुढचे काम गळती करते. शाळेच्या नोंदीत मात्र कारण लिहिले जाते: सतत गैरहजर.

याच जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच ठाऊक होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. आता तो पालघर जिल्ह्यात गेला आहे. मुले गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळाही पुढे याच न्यायाने थेट वीटभट्ट्यांवर भरल्या.

कायद्याची वाटचालही त्याच दिशेने झाली आहे. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ साली निघाली. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दिव्यांग विद्यार्थ्यांमागे विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले.

तथापि कायदा शाळेच्या दारापर्यंत पोहोचवतो. दाराच्या आत काय घडावे हे शिक्षकच ठरवितो. दाराशी सिमेंटचा उतार बांधला आणि हजेरीपटावर नाव चढले की समावेश झाला, अशी समजूत रूढ आहे. पण उतारावरून आत आलेले मूल दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहत असेल, तर त्याचे बहिष्करण केवळ घरातून वर्गात हलले एवढेच म्हणावे लागेल.

वर्गात करावयाच्या पुष्कळ गोष्टींना फारसा खर्च नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवावे आणि बोलताना तोंड फळ्याकडे न करता वर्गाकडे ठेवावे. फळ्यावर मोठे अक्षर काढावे व लिहिलेले मोठ्याने वाचावे. बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांनी व काड्यांनी करून घ्यावी. त्याने अंध मुलालाही कळते आणि डोळस मुलालाही अधिक पक्के कळते. मुलाच्या बोलीतील शब्द चूक म्हणून खोडू नये. त्याच्या शेजारी प्रमाण शब्द लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे उत्तर तोंडी ऐकावे. यांतील एकही उपाय केवळ एका मुलाच्या फायद्याचा नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यावर शिक्षकांची एक तक्रार असते व ती खोटी नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळायच्या, शिवाय निवडणूक, सर्वेक्षणे व माहितीचे तक्ते; अशा स्थितीत एकेका मुलाकडे पाहायचे केव्हा? ब्रेल, खुणांची भाषा, बौद्धिक दिव्यांगत्व यांसाठी प्रशिक्षित माणूसच हवा. सदिच्छा पुरत नाही. विशेष शिक्षकाची फेरी वाडी-पाड्यापर्यंत नियमित पोहोचणे आणि प्रमाणपत्रासाठी पालकांचे रोजगार न बुडणे ही शासनाची जबाबदारी आहे. तिचे ओझे गुरुजींच्या सहृदयतेवर टाकणे हा पळपुटेपणा होय.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ५ ते १९ वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनी शाळेत कधीच पाऊल टाकले नव्हते. या मुलांवर खर्च झाला नाही, असे समजणे ही हिशेबातील चूक आहे. तो खर्च झालाच. फक्त सरकारी ताळेबंदात न येता तो आईच्या बुडालेल्या मजुरीत, शाळा सोडून धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीत आणि जन्मभराच्या परावलंबनात जमा झाला. जो भार समाजाने वाटून घ्यायचा, तो सर्वांत गरीब घराने एकट्याने उचलला.

फांगण्याच्या आजींना अक्षर मिळायला साठ-सत्तर वर्षे लागली. गावाने ती उशिरा का होईना भरपाई केली, म्हणून ते गाव अभिनंदनास पात्र आहे. परंतु आज शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलालाही तेवढीच वाट पाहायला लावली, तर त्या कौतुकाला काही अर्थ उरणार नाही.