जेवले की पोटात दुखते, तपासण्या मात्र नॉर्मल : दबलेल्या धमनीचा आजार

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की पोटदुखीच्या तक्रारी हमखास येतात. बहुतेकींचे कारण ओळखीचे निघते : आम्लपित्त, अल्सर, पित्ताशयातले खडे, जंत. पण वॉर्डात ड्युटी करताना आणि पुढे शिबिरांतही आम्हाला काही बाया अशा भेटल्या की ज्यांची फाईल जाडजूड, दुर्बिणीची तपासणी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि वजन मात्र महिन्यागणिक उतरत चाललेले. "जेवलं की दुखतं, म्हणून जेवतच नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. घरात कोणी म्हणे नखरे, कोणी म्हणे बाहेरचे आहे, अंगारा लावा. केसपेपरवर 'टेन्शन' लिहिलेले पाहून कधी कधी आम्हीही मान डोलावली. ती आमची चूक होती.

त्या सगळ्यांना एकच आजार होता असे नाही. पण अशा दुखण्यामागे क्वचित एक खरे, शरीरातले कारण असते. त्याची माहिती आपल्याला हवी, म्हणून हा लेख.

आजाराचे नाव आहे मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम. डॉक्टर थोडक्यात 'माल्स' म्हणतात. १९६३ मध्ये हार्जोला आणि १९६५ मध्ये डनबार या डॉक्टरांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून 'डनबार सिंड्रोम' असेही नाव आहे.

शरीरात नेमके काय होते?

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा मोठा स्नायू असतो, त्याला मध्यपटल म्हणतात. हृदयातून निघालेली महाधमनी त्याच्या मागून पोटात उतरते. त्या जागी मध्यपटलाच्या दोन बाजूंना जोडणारा चिवट पट्टा कमानीसारखा महाधमनीवरून जातो. त्याच्या जरा खाली महाधमनीला एक फांदी फुटते, ती सीलिॲक धमनी. जठर, यकृत आणि प्लीहा यांना रक्त पोचवणारी ही मुख्य धमनी आहे.

काही जणांत हा पट्टा नेहमीपेक्षा खाली असतो आणि धमनीवर दाबतो. पाण्याच्या नळीवर पाय पडावा, तसे. श्वास आत घेतला की धमनी खाली सरकते आणि दाब सैल होतो, श्वास सोडला की दाब वाढतो. जेवणानंतर पोटाला जास्त रक्त लागते, ते कमी पडल्याने दुखते, असे एक स्पष्टीकरण आहे. धमनीभोवतीचे मज्जातंतूंचे जाळेही पट्ट्याखाली चिरडते, त्यामुळे दुखते, असे दुसरे. दोन्ही कारणे मिळून काम करत असावीत असे मानले जाते.

लक्षणे कोणती?

बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध दुखते. जेवल्यावर वाढते, काहींना जिना चढताना किंवा जड काम करतानाही वाढते. मळमळ, उलटी, पोट फुगणे, जुलाब हेही असू शकते. जेवणाची भीती बसते आणि वजन घटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, त्यातही सडपातळ आणि तरुण ते मध्यम वयाच्या स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो.

निदान कसे होते?

आधी नेहमीची कारणे तपासून बाजूला करावी लागतात. अल्सर, पित्तखडे, स्वादुपिंडाची सूज आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयसुद्धा. त्यांतले काही सापडले नाही, तर डॉक्टरांना विचारावे : "धमनीवर दाब आहे का, हे पाहायची गरज आहे का?" त्यासाठी पोटाची डॉप्लर सोनोग्राफी करतात. ती उपाशीपोटी, श्वास आत घेऊन आणि पूर्ण सोडून अशी दोन्ही वेळा करायला हवी, नाहीतर दाब नजरेतून सुटू शकतो. पुढे सीटी अँजिओग्राफी करतात. तीत धमनी आकड्यासारखी वाकलेली दिसते. या तपासणीत शिरेतून औषध देतात, म्हणून किडनीचा त्रास, ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगावे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. धमनीवर असा दाब १० ते २४ टक्के लोकांत आढळू शकतो असे सांगितले जाते, आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. म्हणजे रिपोर्टमध्ये दाब दिसला म्हणून लगेच ऑपरेशन, असे नाही. लक्षणे जुळली पाहिजेत आणि दुसरी कारणे वगळलेली पाहिजेत. काही ठिकाणी मज्जातंतूंच्या त्या जाळ्याला इंजेक्शन देऊन दुखणे थांबते का, हे आधी पाहतात. ऑपरेशनचा उपयोग होईल का, याचा त्यावरून अंदाज येतो.

उपचार

मुख्य उपचार म्हणजे पट्टा कापून धमनी मोकळी करणे. दुर्बिणीने किंवा पोट उघडून हे करतात. दाब बाहेरून असल्यामुळे पट्टा न कापता नुसता स्टेंट घालून सहसा भागत नाही. बऱ्याच जणांना ऑपरेशनने आराम पडतो, पण सर्वांना नाही. काहींचे दुखणे परतही येते. काम महाधमनीला लागून असते, रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून अनुभवी सर्जनकडेच जावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला संकोच करू नये. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

घरी काय करावे?

एक वही करा. काय खाल्ले, किती वाजता, किती वेळाने दुखले, किती वेळ टिकले, महिन्याचे वजन किती, हे लिहा. ओपीडीत डॉक्टरांना मिळणाऱ्या चार मिनिटांत ही वही तुमच्यासाठी बोलते. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे खा. रोज वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी अल्सर होऊ शकतो. रक्ताची उलटी, काळी शौच, कावीळ, ताप किंवा अचानक असह्य दुखणे असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

हा आजार दुर्मिळ आहे, तेव्हा प्रत्येक पोटदुखीत तो शोधू नये. पण घरातली सून, मुलगी, आई ताटावरून अर्धपोटी उठत असेल आणि तिचे ब्लाऊज सैल होत चालले असेल, तर तिला नखरेल म्हणण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जा. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'त्या तपासणीत काही दिसले नाही' एवढाच असतो. दुखते म्हणणारीला खरोखर दुखत असते.