विषय निवडण्याचा हक्क आपण सोडून देऊ नये

दहावीचा निकाल लागला की डहाणू, वाणगाव, चिंचणी, घोलवड, बोर्डी ते थेट तलासरीपर्यंतच्या आपल्या घरांत आनंद होतो. पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी मुलाची पाठ थोपटून जातात. पण पुढच्या आठ दिवसांत अकरावीचा अर्ज भरायची वेळ येते, तेव्हा घरातल्या मोठ्यांपैकी फार थोडे त्या मुलाशेजारी बसतात. वडील कामावर, आई वाडीत चिकू उतरवायला किंवा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करायला. मग मित्राने सायन्स घेतले म्हणून आपणही सायन्स, नाही तर जवळच्या कॉलेजात आर्ट्स आहे म्हणून आर्ट्स. ज्या निर्णयावर पुढची चाळीस वर्षे अवलंबून, तो एसटीच्या थांब्यावर पाच मिनिटांत होतो.

पालकहो, एक गोष्ट आठवा. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. पुढे स्वतःच्या जिद्दीने ते संस्कृतही शिकले. त्या काळी आपल्या माणसाला विषय निवडण्याचाच अधिकार नव्हता. आज तो अधिकार आपल्या मुलांच्या हातात आहे, आणि केवळ माहिती नाही म्हणून आपण तो वापरत नाही. म्हणून या अंकात आम्ही हाच विषय घेतला आहे.

आधी गुणपत्रिका नीट वाचा

एकूण टक्केवारीवर जाऊ नका. महाराष्ट्रात 2010 पासून सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते. म्हणजे मुलाला 78 टक्के दिसतात, पण गणितात 41 गुण असतील तर ते 41 त्या 78 मध्ये धरलेलेच नसतील. अशा मुलाला नुसत्या टक्केवारीवर सायन्सला घातले, तर अकरावीच्या दिवाळीपर्यंतच तो खचतो. म्हणून गणित आणि विज्ञान या दोन विषयांचे गुण वेगळे पाहा. मग मुलाला विचारा, कोणत्या विषयाचा अभ्यास तू कोणी न सांगता करतोस? या प्रश्नाचे उत्तर मुले खरे देतात.

सायन्स कोणी घ्यावे

सायन्सला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतल्यावर पुढे दोन वाटा फुटतात. इंजिनीअरिंगकडे जायचे तर गणित हवे. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेसाठी आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी जीवशास्त्र हवे. फार्मसी आणि बी.एस्सी. कृषी या अभ्यासक्रमांना दोन्हींपैकी एक गट चालतो. मुलाचे मन ठरलेले नसेल आणि त्याची तयारी चांगली असेल, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. मात्र हे ओझे मोठे आहे, ते हौसेने लादू नये.

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण भाषेची आहे. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संयुजा’ शिकलेला मुलगा अकरावीच्या वर्गात बसतो, तेव्हा सारे इंग्रजीतून चालू असते. त्याची बुद्धी कमी नसते, शब्द नवे असतात. यावर उपाय आहे. अकरावीची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट मिळतात. परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दोन महिन्यांत रोज दहा शब्द इंग्रजीतून पाठ केले, तर सहाशे शब्द होतात. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात, हेही मुलांना सांगावे. राज्याच्या सीईटीत मात्र गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते.

कॉमर्स आणि आर्ट्स म्हणजे मागचा दरवाजा नव्हे

कॉमर्सला पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय असतात. त्याबरोबर गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांपैकी एक घ्यायचा प्रश्न येतो. गणित झेपत असेल तर ते सोडू नये, कारण बँकेच्या परीक्षेत आणि पुढच्या अनेक अभ्यासक्रमांत आकडेमोड सुटत नाही. हिशेब येणारा माणूस बोईसरच्या कारखान्यातही लागतो आणि डहाणूच्या बाजारपेठेतही लागतो.

आर्ट्सला गेलेल्या मुलाकडे ‘नापास होण्यापेक्षा बरे’ अशा नजरेने पाहू नये. ज्याला वकील व्हायचे आहे, शिक्षक व्हायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, त्याला इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल हे विषय पुढे उपयोगी पडतात. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बाबासाहेबांचे स्वतःचे उच्च शिक्षण अर्थशास्त्र आणि कायद्याचे होते. पाली हादेखील बोर्डाच्या यादीतला विषय आहे. ज्याला घ्यायचा असेल त्याने कॉलेजात शिक्षक आहेत का, हे प्रवेशाआधी विचारावे.

हाताला काम देणारे शिक्षण

तारापूर एमआयडीसी, पलीकडे गुजरातेत उंबरगाव, सरीगाम आणि वापी हा सारा कारखान्यांचा पट्टा आपल्या दाराशी आहे. आपली कितीतरी मुले तिथे ठेकेदाराकडे हमाल म्हणून जातात. तीच मुले आयटीआय करून गेली तर कामाचे नाव बदलते आणि पगारही बदलतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयच्या रस्त्यानेही इंजिनीअर होता येते. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमाही आहे, पण त्यासाठी गणित आणि विज्ञान बऱ्यापैकी हवे.

30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेव्हापासून ‘बंदरात नोकऱ्या निघणार’ ही चर्चा गावागावांत आहे. मच्छीमार बांधवांचा विरोधही आपल्याला ठाऊक आहे. बंदराचे जे व्हायचे ते होईल, पण नुसत्या ऐकीव बातमीवर मुलाचे विषय ठरवू नयेत. आपला धंदा पक्का शिकलेल्याला डहाणूत काम मिळाले नाही, तर बोईसरला मिळते.

मुलींचा प्रश्न

तलासरीच्या आतल्या पाड्यांतून कॉलेजला जायचे म्हणजे आधी रिक्षा किंवा जीप, मग एसटी. तलासरी गावाला रेल्वे स्टेशन नाही. डहाणू रोडपर्यंत लोकल 2013 पासून येते, पण स्टेशनपर्यंत पोहोचणे हाच अर्धा प्रवास आहे. मग ‘मुलीला एवढ्या लांब कशाला’ म्हणून जवळ जे असेल ते तिच्या पदरात टाकले जाते. मुलाचे एक वर्ष वाया गेले तर तो पुन्हा बसतो. मुलीचे वाया गेले तर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून तिचे विषय अधिक विचाराने ठरवा. सायन्स जमत नसेल आणि परिचारिका व्हायचे असेल, तर जीएनएम अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, फक्त इंग्रजी पास हवे. अंतर हीच अडचण असेल तर वसतिगृहाचा अर्ज करा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ती अकरावीपासून लागू होते. समाजकल्याण कार्यालयात जाऊन तिच्या अटी विचाराव्यात.

कागद आधी, धावपळ नंतर

2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर विचार करूनच नाव लिहावे, सायबर कॅफेवाल्याच्या मनाने लिहू नये.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते दहावीच्या परीक्षेआधीच तयार ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो आणि तो दरवर्षी करावा लागतो. दहावीला 75 टक्क्यांपुढे गेलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अकरावी-बारावीला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्तीही आहे. सायन्सला गेलेल्यांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता करावा. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील पूर्वजातीची नोंद इथे कामी येते. तो कागद गावच्या जुन्या शाळेत असतो आणि तो काढायला महिने लागतात. बौद्धांना 1990 साली केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण त्या सवलती पदरात पडायला हा जुना कागद लागतोच.

शेवटी एकच विनंती. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास दहावीच्या मुलांसाठी ठेवा. आपल्यातला जो आयटीआय झाला आहे, जी नर्स झाली आहे, जो बँकेत लागला आहे, त्यांना मुलांसमोर बसवा. त्यांनी कोणते विषय घेतले, किती खर्च आला, कुठे अडले, हे त्यांनी सांगावे. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. ज्या घरात कोणी शिकलेले नाही, त्या घरच्या मुलाला त्या अर्ध्या तासात जे मिळेल ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.