कोयती घ्यावी पारखून!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, माठ घेताना टिचकी मारून बघतो. मग जी कोयती दिवसभर हातात धरायची, ती मात्र घरच्या पुरुषानं बाजारातून आणायची आणि आपण निमूट वापरायची, असं का?

आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी शेतात राबणाऱ्या. शेळ्यांना पाला उतरवायचा, कुंपणाच्या काट्या तोडायच्या, सरपण करायचं, सगळं कोयतीनंच. गटासाठी कोयत्या घ्यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, आधी एकच घेऊ, बांधावर चालवून बघू, मग बाकीच्यांचं ठरवू.

बाजारतळाशी एका घिसाडी कुटुंबाचं पाल होतं. भटक्या जमातींतला हा समाज पिढ्यान् पिढ्या लोखंडकाम करत आलाय. नवरा सांडशीत लाल पातं धरून बसलेला आणि घण मारत होती बायको! पातं होतं मोटारीच्या जुन्या पाट्याचं. हे पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा बेताची ऊब देऊन तो ठिसूळपणा उतरवावा लागतो. खरी कारागिरी इथेच. पातं फार कडक राहिलं तर धारेला खांडे पडतात, मऊ राहिलं तर धार वळते. साध्या लोखंडी पट्टीला असं पाणी चढत नाही, तिची धार लवकर जाते.

बांधावर आम्ही पाचजणींनी कोयती आळीपाळीनं चालवली. आधी ओल्या फांद्या तिरक्या घावानं तोडल्या, मग वाळका बांबू. दर वेळी पातं उन्हात धरून धार निरखली. धारेवर कुठे चकाकणारा ठिपका दिसला, की तिथे ती वळली किंवा बोथटली असं समजावं. आमची धार मात्र शाबूत होती!

अडचण निघाली मुठीत. ती जाड होती. बोटं नीट मिटेनात, घामानं हात सरकायला लागला. सरकती मूठ म्हणजे जखमेला आमंत्रणच! परत गेलो, तर ती कारागीर बाई म्हणाली, "बाईच्या हाताची म्हणून कुणी मागतच न्हाई, ताई." तिनंच आमच्या मुठी मापून घेतल्या. बाकीच्या कोयत्या तशाच बनवून घेतल्या.

भात कापणाऱ्यांसाठी आणखी एक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा वजनाला हलका आणि करवतीसारख्या दात्यांचा आहे. तो भात-गवतासाठी उत्तम, पण फांद्या तोडायला नव्हे. ज्या कामाचं हत्यार, त्याच कामावर पारखावं.

पारखताना आजूबाजूला पोरंबाळं नकोत. घाव नेहमी अंगापासून दूर जाईल असा घालावा. काम झालं की पातं पुसून तेलाचा हात फिरवावा. आणि लागलंच, तर हळद दाबून गप्प बसू नका. जखम स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात जा.

पुढच्या बाजाराला कोयती घ्यायची असेल, तर स्वतः जा. मूठ धरून बघा. राबणार तो हात तुमचा आहे.